तेरा बंदुका आणि अर्धा इंच

मागच्या महिन्यात एका दुपारी तो सिनेमा टीव्हीवर पुन्हा लागला. "आई, तुझ्या बंदुका आल्या," असं मुलाने हॉलमधून ओरडून सांगितलं आणि मी कणकेच्या हातांनी तशीच घड्याळ घेऊन टीव्हीसमोर येऊन बसले. राजेशाहीच्या काळातला एक गुप्त बातमीदार, त्याला बारूदाच्या वासाने शिंका येतात, आणि मुदपाकखान्यातून चोरीला गेलेल्या तुपाच्या घागरी तो शोधत फिरतो, अशी ती विनोदी गोष्ट आहे. लोकांना हसू येतं. मला येत नाही. दोन तास अकरा मिनिटांच्या त्या सिनेमात बंदुका एकूण चार मिनिटं चाळीस सेकंद दिसतात, हे मी त्या दुपारी मोजलं. त्यातही नायक एकाच बंदुकीतून ओळीने सात बार काढतो. ती तोड्याची बंदूक आहे. तोडा म्हणजे जळती वात. एक बार उडाला की पुन्हा दारू भरायची, गोळी ठासायची, वात फुंकून लाल ठेवायची, आणि मग दुसरा बार. नायकाच्या बंदुकीला वातच नाही. ही गोष्ट मी सिनेमा बनत असतानाच सांगितली होती, वय सतरा असताना, आणि सिनेमावाल्यांतल्या ज्याला सांगितली त्याने "व्हेरी गुड, बेटा" असं म्हणून माझ्या हातातली चहाची कपबशी घेतली होती. त्या चार मिनिटं चाळीस सेकंदांसाठी आमच्या घरातले दोन माग कापले गेले आणि सोळा दिवस माझ्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवला नाही. ते सोळा दिवस एकदाचे लिहून ठेवते.

आम्ही विणकरांपैकी. नागपुरात इतवारीच्या मागच्या बाजूला आमचं तीन खोल्यांचं घर होतं, आणि त्यातली रस्त्याकडची मोठी खोली मागांची. दोन हातमाग त्या खोलीत उभे होते, पण मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. माझ्या आठवणीत एका मागावर गाद्या ठेवलेल्या असत आणि दुसऱ्यावर कपडे वाळत. आजोबा गेले तेव्हाच विणकाम संपलं. बाबा कळमेश्वरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात नमुने करायला लागले होते. नमुना म्हणजे काय हे मला शाळेत प्रत्येक बाईंना समजावून सांगावं लागे, म्हणून इथेही सांगते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा असला की आधी तोच भाग लाकडात करायचा, तो वाळूत दाबून ठसा उठवायचा, आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. तो लाकडी भाग म्हणजे नमुना. आता लोखंड निवताना आकसतं. एका फुटाला साधारण पाव इंचाच्या निम्मं. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करत कोण बसणार, म्हणून त्या कारागिरांकडे एक पोलादी पट्टी असते, तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा आखलेला. डोळ्यांना काही कळत नाही. बाबा तिला वाढीव पट्टी म्हणत. तिच्यावर अठ्ठेचाळीस इंच मोजले की प्रत्यक्षात साडेअठ्ठेचाळीस भरतात. एकोणीस वर्षांत बाबांचा एकही नमुना कारखान्याने परत पाठवला नव्हता. ही एकच गोष्ट ते पाहुण्यांना स्वतःबद्दल सांगत, आणि तीही दुसऱ्यांदा चहा आल्यावर.

सिनेमावाले कारखान्यात आले ते हलक्या तोफा ओतून मिळतील का हे विचारायला. तोफा मिळाल्या नाहीत, पण बाबांचं काम त्यांच्यातल्या कलादिग्दर्शकाच्या नजरेत भरलं. समीर त्याचं नाव. केस मानेपर्यंत, अंगात खादीचा झब्बा, आणि बोलताना अर्धं वाक्य मराठी, अर्धं हिंदी. रविवारी तो आमच्या घरी आला. आईने पाटवडीचा रस्सा केला होता. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने ते रुमालाने टिपत बारा बंदुका मागितल्या. नळी नळाच्या पाईपची चालेल, पण लाकूड जुनं पाहिजे, जुन्या बंदुकीसारखं. बाबा म्हणाले, "वस्तू पाहिल्याशिवाय मी लाकडाले हात लावत नाही." मोबाइल नसलेल्या त्या काळात समीरने एक मासिक पुढे केलं, त्यात चित्र होतं. बाबांनी ते न पाहताच मिटून ठेवलं. "चित्राले जाडी असते का?"

खरी वस्तू प्रतापनगरला होती, मोकाशीकाकांकडे. काकांचे पूर्वज राजेशाहीच्या काळात नागपुरात आले आणि राहिले. आता काका एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. आमचे आजोबा त्यांच्या घरची लुगडी विणत, म्हणून ओळख. त्यांच्याकडे बंदूक होती असं आम्ही म्हणत असू, पण खरं म्हणजे बंदुकीचं लाकूड होतं. नळी आणि कळ त्यांच्या आजोबांच्या वेळीच सरकारजमा झाली होती, त्याची पावती काकांनी फाइलला लावून ठेवली होती. उरला होता चार फुटांचा लाकडी दस्ता, नळी बसायच्या लांब खाचेचा, पाठीमागे कोरलेल्या चंद्रकोरीचा. वर्षभर तो प्लायवूडच्या कपाटात बेडशीटमध्ये गुंडाळलेला असे. खंडेनवमीला मात्र पाटावर येई, त्याला हळदकुंकू लागे, झेंडूची माळ पडे, आणि काकांच्या घरची सगळी माणसं त्याला वाकून नमस्कार करत. नळी नसलेल्या बंदुकीला.

काका दस्ता घराबाहेर देईनात. "पाहा, मोजा, कागदावर छाप घ्या, पण नेऊ नका," असं त्यांनी बाबांना सांगितलं. त्यामुळे माप घ्यायला मी गेले, कारण बाबांना आठवडी सुट्टी एकच आणि माझं बारावीचं कॉलेज सकाळचं. आईची शिवणकामाची टेप, चौकटीची वही, एचबी पेन्सिल. दोन दुपारी मी त्या दस्त्याची एकतीस मापं घेतली. पूर्ण लांबी अठ्ठेचाळीस इंच, बरोबर, केसभरही इकडे-तिकडे नाही. मी तीनदा मोजली. चंद्रकोरीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून तिची छाप घेतली. काका शेजारी बसून चष्म्यातून पाहत होते. माझं झाल्यावर त्यांनी स्वतःच्या कागदावर एकतीसच्या एकतीस मापं उतरवून घेतली, खाली माझी सही घेतली, आणि तो कागद त्या जुन्या पावतीच्या मागे फाइलला लावला. "असू द्यावं," म्हणाले. आयुष्यात मला समजून घेणारी जी दोन-चार माणसं भेटली त्यांच्यात मी त्यांना धरते.

लाकडाचा प्रश्न बाबांनी असा सोडवला की मी अजून तो नीट सांगू शकत नाही. बाजारात त्यांना हवं तसं जुनं सागवान मिळेना. एका संध्याकाळी मी कॉलेजच्या प्रॅक्टिकलवरून आले तर गाद्या जमिनीवर होत्या, वाळत घातलेले कपडे दोरीवर गेले होते, आणि दोन्ही मागांचे खांब आणि तुळ्या सुट्या करून भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. आई दारात उभी होती.

"सासऱ्यानं ठेवले, नवऱ्यानं कापले," ती मला म्हणाली, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. "उद्या मले इचारू नका म्हणा माग कुठी गेला म्हणून."

"काहून वं, विणणार होती का तू?" बाबा करवत थांबवून म्हणाले. "सत्तर वर्षं वाळलेलं लाकूड हाय. असं लाकूड आता पाह्याले मिळत नाही. उभं राहून का करून राहिलं होतं?"

"उभं होतं न," आई म्हणाली. "तेवढं करून राहिलं होतं."

बाबांनी करवत खाली ठेवली. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवसापासून रोज कारखान्याच्या बसमधून उतरले की चहा घेऊन ते सरळ त्या खोलीत जात. मागाचा खटखटाट त्या खोलीने आमच्या वेळी कधी केला नाही, पण आता तिच्यातून रंध्याची लांब कुरकुर आणि कानशीचा खरखरीत आवाज येऊ लागला, आणि भुसा आमच्या वरणात, केसांत, माझ्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात येऊ लागला. बाबा माझी वही समोर उघडी ठेवून काम करत. आकडा वाचायचा, पट्टी लावायची, रेघ मारायची. त्यांच्या हाताचा तो झपाटा पाहायला मला आवडे, हे मान्य करते. चंद्रकोर तर त्यांनी बाराही दस्त्यांवर अशी कोरली की माझा छापाचा कागद कुठल्याही दस्त्यावर ठेवला तर कडा जुळाव्या. तेवढं एकच माप ते पट्टीने न घेता कागदावरून थेट उतरवत होते. म्हणून ते तेवढं चुकलं नाही.

बाकीचं चुकलं. वाचणाऱ्याच्या हे एव्हाना लक्षात आलं असेल, माझ्या आलं नव्हतं. पाईप कापून आणले ते माझ्या वहीतल्या आकड्यांप्रमाणे. पहिला पाईप खाचेत ठेवला तर पुढे पेन्सिल शिरेल एवढी फट. दुसरा ठेवला, तीच फट. पितळी कड्या वळवून आणल्या होत्या त्या चढता चढेनात. बाबांनी आधी पाईप कापणाऱ्याला शिव्या घातल्या, मग कड्या वळणाऱ्याला. मी टेप घेऊन पाईप मोजले. बरोबर होते. मग लाकूड मोजलं. साडेअठ्ठेचाळीस.

"बाबा, लाकूड अर्धा इंच जास्त आहे."

बाबांनी त्यांची पट्टी लावली. दोन फुटी पट्टी, दोनदा. "हे पाय. चोवीस, आन् चोवीस. किती झाले?"

"अठ्ठेचाळीस. पण टेपने—"

"टेप तुह्या मायची. ताणून ताणून ढिली झाली ते."

टेप ताणली गेली असती तर आकडा कमी आला असता, जास्त नाही. हे मी सांगितलं. शिवाय त्याच टेपने मूळ दस्ता मोजला होता, त्याच टेपने नकला मोजत होते, तेव्हा टेप खोटी असती तरी दोन्हीकडे सारखीच खोटी असती. हेही सांगितलं. मी हे आजही कोणालाही कागदावर मांडून दाखवू शकते. बाबा वहीकडे बोट करून म्हणाले, "मंग चुकून लिहिलं असन. पोट्टी हायस, होते."

आणि विषय संपला. बाबांनी फटी लाकडाच्या पुट्टीने बुजवल्या, कड्या ठोकून चढवल्या, आणि जो भेटेल त्याला सांगू लागले की माप पोरीनं आणलं होतं, जराशी चूक झाली, पण सांभाळून घेतलं. आईला सांगितलं. शेजारी सांगितलं. समीरला सांगितलं, तो म्हणाला, "अरे काका, आधा इंच कॅमेऱ्यात कुठे दिसतो!" मोकाशीकाकांनाही सांगितलं. माझा राग बाबांवर होता, पण त्यापेक्षा जास्त त्या "सांभाळून घेतलं" या शब्दांवर होता. मी त्या सोळा दिवसांत वही पुन्हा पुन्हा उघडून पाहिली. चारवर आठ, अठ्ठेचाळीस. मी आठ कसा लिहिते ते मला माहीत होतं. दुसरा कुठलाही आकडा तो होऊ शकत नव्हता. तरी सातव्या-आठव्या दिवशी मला स्वतःचीच शंका येऊ लागली, आणि ते मला सगळ्यात वाईट वाटलं. कॉलेजात तराजूवर वजन घेताना मी चारचारदा घेऊ लागले.

त्यातच समीरने प्रतापनगरला जाऊन मोकाशीकाकांना गाठलं. नायकाच्या हातात अस्सल वस्तू पाहिजे, त्याशिवाय भाव येत नाही, असं काहीतरी तो बोलला. काका नाही म्हणाले. मग बाबा गेले. बाबांनी शब्द दिला की नवमीच्या सकाळी दस्ता काकांच्या पाटावर असेल. काकांनी तो शब्द कागदावर घेतला नाही, एवढ्या एकाच वेळी. बाबांनी सही देऊ केली तर म्हणाले, "तुमच्या वडिलांनी कधी सही केली नाही, नामदेवराव. तुम्हीही नका करू." दस्ता बेडशीटसकट परस्पर कळमेश्वरच्या पुढच्या एका गढीवर गेला, जिथे शूटिंग चाललं होतं. आमच्या घरी तो आलाच नाही. आला असता आणि एकदा जरी बारा नकलांच्या शेजारी उभा राहिला असता, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

नवमीच्या सकाळी साडेआठला दाराशी टेम्पो उभा राहिला. त्यातून समीरचा मदतनीस उतरला, विकी म्हणून एक चोवीस-पंचवीस वर्षांचा हसरा माणूस, आणि त्याने एकेक करून तेरा बंदुका आमच्या मागांच्या रिकाम्या खोलीत आणून जमिनीवर ठेवल्या. तेराही काळ्या. तेराही बंदुकांना पाईप, तेराही बंदुकांना पितळी कड्या. एकीचंही लाकूड दुसरीपेक्षा वेगळं दिसत नव्हतं.

"हे का केलं?" बाबांनी विचारलं.

"समीरभाईने सब को एक जैसा काला पॉलिश मारा, काका. कंटिन्युइटी. असलीवाली जरा ज़्यादा भूरी दिख रही थी न." तो हसला. "आप अपनीवाली निकाल लो, बाकी बारा मैं ले जाता हूँ. आज पॅकअप है, दोपहर को सामान मुंबई निकलेगा."

म्हणजे त्या दुपारपर्यंत जी बंदूक आम्ही ओळखली नसती ती ट्रकमधून मुंबईला गेली असती, आणि तिथून कुठे, हे विकीलाही सांगता आलं नसतं. आणि नेमके तेवढ्यात मोकाशीकाका दस्ता न्यायला जिना चढल्यासारखे आमच्या तीन पायऱ्या चढून आले, धुतलेलं धोतर, हातात झेंडूची माळ. नेहमी ते पँट घालत. त्यांनी खोलीत पाहिलं. माळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

"माह्या हातचं काम मी अंधारात ओळखतो," बाबा म्हणाले आणि खाली बसले. त्यांनी एक बंदूक उचलली, बोटाच्या पेराने वाजवली, बाजूला ठेवली. दुसरी वाजवली. तिसरीवर थांबले. "हे पाहा साहेब. हे तुमची." काकांनी ती घेतली, चंद्रकोरीवर अंगठा फिरवला. बाबांनी तेवढ्यात पाचवी वाजवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "थांबा. हे असन." मग नववी. लाकूड मागाचं होतं, सत्तर वर्षं वाळलेलं, ते अस्सलसारखंच वाजत होतं. चंद्रकोर त्यांनीच हुबेहूब कोरली होती. नळ्यांमुळे वजनाचाही काही उपयोग नव्हता. बाबांनी स्वतःच्या कसबाने स्वतःचीच वाट बंद करून ठेवली होती. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

"तिसरी म्हणाले, मंग पाचवी, मंग नववी," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आता पहिलीपासून पुन्हा सुरू करा."

"तू आत जा वं."

"देवाची वस्तू आणून हरवली न तुम्ही."

काका हळूच म्हणाले, "नामदेवराव, माझी आई नव्वद वर्षांची आहे. ती पाटासमोर बसली आहे सकाळपासून. मी दुसरीच वस्तू नेली तरी तिला कळायचं नाही. पण मला कळेल." आणि ते स्टुलावर बसले.

मला तोपर्यंत काही सुचलं नव्हतं. मी फक्त त्या पसाऱ्याला वैतागले होते. तेरा बंदुका जमिनीवर कशाही आडव्यातिडव्या, एकीची नळी दुसरीच्या कुंद्यात, अशी कुठे कोणी वस्तू ओळखतं का? मी त्या उचलून भिंतीला ओळीने उभ्या करू लागले, कुंदा खाली, तोंड वर. आधी माग टेकवून ठेवले होते त्याच भिंतीला. सहा झाल्या, दहा झाल्या, तेरा. मग चार पावलं मागे आले. बारांची डोकी एका रेघेत होती. डावीकडून चौथी बुटकी होती.

मी टेप काढली. तिचा दस्ता अठ्ठेचाळीस. शेजारचा साडेअठ्ठेचाळीस. तिच्या पुढचा साडेअठ्ठेचाळीस. मी तेराही मोजले, कारण बारा मोजून तेरावा गृहीत धरणं मला जमत नाही.

"ही," मी म्हणाले.

"कशावरून?" काकांनी विचारलं.

"ही लहान आहे."

"तुझं माप चुकलं होतं, म्हणून बाकीच्या मोठ्या झाल्या. हो न? नामदेवराव सांगत होते." काकांनी हे माझी सोय म्हणून विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर ती चौथी बंदूक घेऊन ते गेले असते, टेम्पो गेला असता, नवमीची पूजा झाली असती, आणि बाबांची एकोणीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. कारण बंदूक ओळखण्याचा एकच पुरावा होता, आणि तो पुरावा म्हणजे बाबांची चूक होती. हे मला तिथे उभ्या उभ्या पूर्ण कळलं. मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते, त्या रेघेकडे. मी आता चोपन्न वर्षांची आहे, मुलाच्या कितीतरी चुका माझ्या म्हणून पाहुण्यांसमोर सांगितल्या आहेत, आणि तरीही त्या सकाळी मी जे बोलले तेच आजही बोलेन असं वाटतं.

"माप बरोबर होतं," मी म्हणाले.

काकांनी झब्ब्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. तो त्यांनी आणलाच होता. चष्मा लावून पहिली ओळ वाचली. "पूर्ण लांबी, अठ्ठेचाळीस. खाली हिची सही." त्यांनी कागद बाबांपुढे धरला नाही, गुडघ्यावर ठेवला. विकी म्हणाला, "अरे, आधे इंच से क्या होता है?" आणि आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. म्हणून आदल्या दिवशी बाबा कारखान्यातून आपली सगळी हत्यारं पिशवीत घालून घरी आणत. एरवी घरी एकच पट्टी असे. त्या दिवशी देवाजवळच्या पाटावर रंधा, पटाशा, कानशी यांच्या रांगेत दोन पट्ट्या होत्या, शेजारी शेजारी, एकसारख्या. बाबा उठले, आत गेले आणि दोन्ही घेऊन आले. स्टुलाच्या कडेला त्यांनी दोन्हींची एक टोकं जुळवून धरली. दुसऱ्या टोकाला पाव इंचाचा फरक होता. दोन फुटाला पाव, चार फुटाला अर्धा. मग त्यांनी लांब निघालेल्या पट्टीच्या टोकाला, वाढीव म्हणून केलेल्या, घासून पुसट झालेल्या खुणेवर, नख लावलं.

"घरी हेच आणली होती मी," ते म्हणाले. काकांना नाही, मलाही नाही, पट्टीला म्हणाल्यासारखे. "एकोणीस वर्षं हातात हेच येते." मग मान वर करून, काकांकडे पाहून, सरळ: "साहेब, पोरीचं माप बरोबर होतं. पट्टीचाही काही दोष नाही. मीच भैताड."

"चला, एक तरी कबूल झालं," आई म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. मागांचं तिने तेव्हाही काढलं नाही.

बाबांनी चौथ्या बंदुकीचा पाईप उपसून काढला, कड्या कापल्या, आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने चंद्रकोरीपुरता काळा रंग पुसला. खालून तपकिरी लाकूड आलं, आणि कोरीव भागात जुनं, कोरडं कुंकू. तेवढं कुंकू मी त्या दोन दुपारी पाहिलं होतं आणि वहीत मांडलं नव्हतं, कारण ते माप नव्हतं. काकांनी दस्ता बेडशीटमध्ये गुंडाळला, खांद्याला लावला आणि धोतराचा सोगा सांभाळत शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून ते घरी गेले. बाकीच्या बारा मुंबईला गेल्या. आमचे दोन माग त्यांच्या आत.

मग आमची पूजा. बाबांनी आंघोळ पुन्हा केली. पाटावर हत्यारं मांडली, दोन्ही पट्ट्या पुन्हा शेजारी ठेवल्या, या वेळी मध्ये बोटभर जागा सोडून. मग खोलीत गेले आणि माझी वही घेऊन आले. ती त्यांनी पट्ट्यांच्या मधोमध ठेवली, मापांचं पान उघडून, शेजारी आईची टेप गुंडाळून. सगळ्या हत्यारांना लावलं तसं त्यांनी वहीलाही हळदकुंकू लावलं, ओला अंगठा कुंकवात बुडवून, नीट दाबून.

ती वही माझ्याकडे आहे. काल हे लिहायच्या आधी काढून पाहिली. तीस मापं अजून स्वच्छ वाचता येतात. पहिल्या ओळीवर "पूर्ण लांबी" एवढं दिसतं, आणि त्याच्यापुढे बाबांच्या अंगठ्याएवढा लाल डाग आहे. पानाचा समास आख्खा मोकळा होता, पण त्यांनी नेमकं अठ्ठेचाळीसवरच लावलं.